हौशी छायाचित्रकार फॉक्स टॅल्बट

सुटीच्या दिवशीं कॅमेरा बरोबर घेऊन गांवाबाहेर पडावें, एखादें तळें, एखादा डोंगर, पडक्या देवळाची पायरी किंवा परसांतली केळ पाहून थबकावें आणि तिचें चित्र घरीं आणावें, हा छंद आतां घरोघर झाला आहे. खिशांतल्या फोनमध्यें कॅमेरा येऊन बसल्यापासून तर या छंदाला वेगळा खर्चहि उरलेला नाहीं. अशा माणसाला धंद्याची घाई नसते. कोणाच्या लग्नाची किंवा सभेची तसबीर वेळेवर पोंचविण्याची जोखीम त्याच्यावर नसते. ज्याकडे पाहून मन थांबलें, त्याचें चित्र तो घेतो. या छंदाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट प्रथमच ध्यानांत येते. येथें छंद आधीं आला आणि धंदा मागाहून. कागदावरच्या छायाचित्राची जी कला पुढें जगभर पसरली, ती एका हौशी गृहस्थानें, आपल्याला चित्र काढतां येत नाहीं या खंतीपोटीं शोधून काढली. त्या गृहस्थाचें नांव विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. त्यानें कशाकशाचीं चित्रें घेतलीं, तीं घेण्यास त्याला काय सायास पडले, आणि हातीं आलेली विद्या इतरांस देतांना त्याचा हात कां आंखडला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, १८३३ सालचा ऑक्टोबर महिना डोळ्यांपुढें आणावा. उत्तर इटलींत कोमो नांवाचें एक रमणीय सरोवर आहे. त्याच्या कांठीं बेलाजिओ या गांवीं तेहतीस वर्षांचा एक इंग्रज प्रवासी कागदावर ओणवा होऊन चित्र रेखाटण्याची खटपट करीत होता. आदल्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याचें लग्न झालें होतें. पत्नी कॉन्स्टन्स हिचा हात चित्रकलेंत चांगला बसलेला; बहिणीहि चित्रें काढणाऱ्या. याचा हात मात्र मुळींच चालत नसे. म्हणून त्यानें ‘कॅमेरा ल्युसिडा’ नांवाचें एक उपकरण जवळ बाळगलें होतें. एका दांडीवर बसविलेला कांचेचा छोटा लोलक, एवढेंच त्याचें स्वरूप. त्या लोलकांतून पाहिलें म्हणजे समोरचा देखावा खालच्या कागदावर पडल्यासारखा दिसतो. त्यावरून पेन्सिल फिरवावी कीं झालें, अशी त्याची ख्याति होती. परंतु लोलकावरून डोळा काढला कीं देखावा नाहींसा होई आणि कागदावर उरत त्या केवळ वेड्यावांकड्या रेघा. साधन कितीहि चांगलें असलें, तरी हाताला जें ठाऊक नाहीं तें साधन शिकवीत नाहीं, हें त्या सरोवराच्या कांठीं टॅल्बटला पुरतें पटलें.

त्यावेळीं त्याला आणखी एका उपकरणाची आठवण झाली. इटलींतील पूर्वींच्या प्रवासांत त्यानें ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ वापरून पाहिला होता. ही एक अंधारी पेटी. तिच्या एका बाजूस भिंग असतें आणि बाहेरच्या सृष्टीचें हुबेहूब, रंगीत प्रतिबिंब आंतल्या कागदावर पडतें. झाडाचें पान हललें तर प्रतिबिंबांतलें पानहि हलतें. ही माया क्षणजीवी. पेटी हलविली कीं संपली. हें प्रतिबिंब आपलें आपणच कागदावर उमटून कायमचें राहिलें तर किती बहार होईल, असा विचार टॅल्बटच्या मनांत आला. असा विचार त्यापूर्वीं अनेकांच्या मनांत येऊन गेला असेल. परंतु हा मनुष्य नुसती कल्पना करून थांबणारा नव्हता. उजेडानें पदार्थांत फेरफार होतात, चांदीचे क्षार उन्हांत काळे पडतात, हें त्याला ठाऊक होतें. परत गेल्यावर प्रयोग करून पाहण्याचा त्यानें निश्चय केला.

टॅल्बटचा जन्म ११ फेब्रुवारी १८०० रोजीं झाला. हॅरोच्या शाळेंत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें. गणित, प्रकाशशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, प्राचीन भाषा, यांपैकीं कोणताहि विषय त्याला परका नव्हता. १८३१ मध्यें तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला व पुढच्याच वर्षीं पार्लमेंटांत निवडून गेला. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यांत लेकॉक अ‍ॅबी नांवाचा एक जुना वाडा आहे. मूळचा तो तेराव्या शतकांतील ख्रिस्ती जोगिणींचा मठ. तोच टॅल्बटच्या घराण्याचा वाडा झाला होता. पोटाची विवंचना नाहीं, हाताशीं वेळ आहे, घराभोंवतीं बाग आहे आणि मनांत जिज्ञासा आहे, अशा अवस्थेंत तो राहत असे. फोटोग्राफीचा जन्म विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत किंवा कारखान्यांत न होतां अशा घरांत व्हावा, याचें कारण या अवस्थेंतच आहे.

१८३४ च्या वसंत ऋतूंत प्रयोग सुरू झाले. चांगला लिहिण्याचा कागद मिठाच्या पाण्यांत भिजवून वाळवावा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात द्यावा. म्हणजे कागदाच्या तंतूंत चांदीचा एक क्षार तयार होतो व उजेडांत तो काळवंडतो. त्यावर झाडाचें पान किंवा जाळीचें कापड ठेवून उन्हांत धरलें कीं पानाखालचा भाग पांढरा राहतो आणि भोंवतालचा कागद गडद होतो. पानाच्या शिरा, जाळीचा एकेक धागा, सर्व कांहीं उमटतें. येथपर्यंत पूर्वींचे लोकहि येऊन पोंचले होते. १८०२ मध्यें टॉमस वेजवुड व हम्फ्री डेव्ही यांनीं अशींच चित्रें केल्याचें प्रसिद्ध झालें होतें. पण उजेडांत आणतांच तीं सबंध काळीं पडत. टॅल्बटला एक बारीक गोष्ट सांपडली. मीठ थोडें असलें कीं कागद उजेडाला लवकर बळी पडतो, आणि तेंच फार झालें कीं उलट मंदावतो. तेव्हां कागद करतांना मीठ थोडें घ्यावें आणि चित्र उमटल्यावर तोच कागद मिठाच्या दाट पाण्यांतून काढावा, म्हणजे त्याची उजेडाची भूक शमते. स्वयंपाकघरांतल्या मिठानें जी गोष्ट साधली, ती त्याआधीं मोठ्या रसायनशास्त्रज्ञालाहि साधली नव्हती.

आतां पानाऐवजीं समोरच्या देखाव्याचें चित्र घेणें हा पुढचा टप्पा. प्रतिबिंब लहान असलें तर उजेड एकवटतो व काम लवकर होतें, हें ओळखून त्यानें अगदीं लहान लहान लांकडी पेट्या करविल्या आणि त्यांना सूक्ष्मदर्शकाचीं भिंगें बसविलीं. १८३५ च्या उन्हाळ्यांत या पेट्या वाड्याच्या आसपास ठिकठिकाणीं मांडून ठेवलेल्या असत. तास दीड तासानें धनी येऊन एकेक पेटी उघडून पाही. कॉन्स्टन्सनें थट्टेनें त्यांना उंदरांचे सांपळे असें नांव दिलें, आणि आपला नवरा प्रवासास निघाला असतां, सांपळे बरोबर नेणार काय, असें पत्रांतून विचारलें! त्या सांपळ्यांपैकीं एकांत ऑगस्ट १८३५ मध्यें वाड्याच्या दक्षिणेकडील दिवाणखान्याची जाळीदार खिडकी सांपडली. तें चित्र टपालाच्या तिकिटाहून फारसें मोठें नाहीं. तें प्रथम केलें त्यावेळीं भिंग लावून खिडकीच्या सुमारें दोनशें कांचा मोजतां येत, अशी टीप टॅल्बटनें स्वतः त्याच्याशेजारीं लिहून ठेविली आहे. आज उपलब्ध असलेल्या निगेटिव्हांमध्यें हीच सर्वांत जुनी मानली जाते व ती ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहांत जपून ठेविलेली आहे. फ्रान्समध्यें नीसेफोर निएप्स यानें १८२६-२७ च्या सुमारास धातूच्या पत्र्यावर खिडकींतून दिसणारा देखावा टिपला होता; परंतु टॅल्बटला त्याची कांहींच वार्ता नव्हती.

एवढें झाल्यावर कोणीहि दवंडी पिटली असती. टॅल्बटनें मात्र कागद बासनांत बांधले आणि तो गणिताकडे व इतर विषयांकडे वळला. हौशी माणसाचा हा स्वभावच असतो; मनाचें समाधान झालें कीं त्याची निकड संपते. त्याचा दंड त्याला भरावा लागला. ७ जानेवारी १८३९ रोजीं पॅरिसच्या अ‍ॅकॅडेमींत आरागो या शास्त्रज्ञानें जाहीर केलें कीं, डागेर नांवाच्या चित्रकारानें प्रकाशाकडून चित्रें काढवून घेण्याची युक्ति साधली आहे. टॅल्बट खडबडून जागा झाला. २५ जानेवारीस त्यानें आपलीं जुनीं चित्रें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मांडलीं व ३१ तारखेस रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचविला. दोघांच्या रीति भिन्न होत्या. डागेरचें चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, आरशासारखें लखलखीत आणि अत्यंत रेखीव. पण तें एकच एक, त्याची दुसरी प्रत निघत नसे. टॅल्बटचें चित्र कागदावरचें, कांहींसें भुरकट, आणि त्यांत काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें झालेलें. परंतु तो उलटा कागद दुसऱ्या कोऱ्या कागदावर ठेवून उन्हांत धरला कीं सुलटें चित्र मिळे, आणि अशीं सुलटीं चित्रें वाटेल तितकीं काढतां येत. सर जॉन हर्शेल या थोर ज्योतिर्विदानें या दोहोंना निगेटिव्ह व पॉझिटिव्ह हीं नांवें दिलीं, आणि चित्र कायम करण्यास मिठाऐवजीं हायपो वापरावा, हेंहि त्यानेंच आपल्या या मित्राला सांगितलें. फिल्मचा जमाना मागें पडेपर्यंत दीडशें वर्षें सारें जग याच दोन शब्दांवर चालत आलें.

उणीव राहिली होती ती वेळेची. तासभर ऊन खाल्ल्यावांचून चित्र उमटत नसेल, तर जिवंत सृष्टि पकडावयाची कशी? १८४० च्या सप्टेंबरांत टॅल्बटला या प्रश्नाचें उत्तर मिळालें. मायफळांत जें गॅलिक अ‍ॅसिड असतें तें सिल्व्हर नायट्रेटबरोबर कागदाला लावून तो प्रयोग करीत होता. कॅमेऱ्यांत थोडाच वेळ राहिलेल्या कागदावर डोळ्यांना कांहींच दिसत नसे; परंतु त्यावर तेंच मिश्रण पुन्हा फिरविलें कीं त्या कोऱ्या कागदांतून हळूहळू चित्र वर येई. उजेडानें आपलें काम आधींच गुपचूप केलेलें असतें, रसायन फक्त तें उघड करतें, हें रहस्य त्या दिवसांत त्याच्या हातीं लागलें. तासाचें काम मिनिटावर आलें. सुंदर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यानें या रीतीला ‘कॅलोटाइप’ नांव दिलें आणि ८ फेब्रुवारी १८४१ रोजीं तिचें पेटंट घेतलें. या पेटंटाची कथा पुढें येणारच आहे.

आतां टॅल्बट खऱ्या अर्थानें कॅमेरा घेऊन बाहेर पडूं लागला. त्या काळीं बाहेर पडणें म्हणजे काय, याची कल्पना आज येणें कठिण आहे. मेणबत्तीच्या उजेडांत कागदाला पहिले हात देऊन ते वाळवून ठेवावयाचे. निघण्यापूर्वीं अंधारांत शेवटचें मिश्रण लावावयाचें. लांकडी पेटी, तिवई, ओलसर कागद ठेवण्याची बंद पुडी, हें सारें बरोबर वागवावयाचें. ढग आला कीं थांबावयाचें, वारा सुटला कीं झाडाचें चित्र सोडून द्यावयाचें. परत आल्यावर पुन्हा अंधारांत चित्र उघड करावयाचें, कायम करावयाचें, कागद अधिक पारदर्शक व्हावा म्हणून त्याला मेण द्यावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं ऊन पडलें तर सुलटी प्रत काढावयाची. या कामांत त्याला निकोलस हेनेमान या डच नोकराचें साह्य होतें. हेनेमान मालकाच्या हाताखालीं इतका तयार झाला कीं, पुढें त्यानें रेडिंग शहरीं छायाचित्रांच्या प्रती काढण्याचा स्वतंत्र कारखानाच घातला. कॉन्स्टन्सनेंहि १८३९ मध्यें स्वतः चित्रें घेण्याचा प्रयत्न केला होता; अशा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांमध्यें ती अगदीं पहिल्यांपैकीं होय.

१८४३ मध्यें टॅल्बट व हेनेमान फ्रान्समध्यें गेले. पॅरिसच्या एका उंच खिडकींतून टॅल्बटनें खालच्या प्रशस्त हमरस्त्याचें चित्र घेतलें. दुपार उलटून गेलेली, इमारतींच्या ओळीवरून ऊन नुकतेंच सरकूं लागलेलें, रस्त्यावर पाणी शिंपडल्यामुळें उमटलेले दोन रुंद काळसर पट्टे, थांबलेल्या घोडागाड्या आणि छपरांवर धुराड्यांचें रान. त्या रस्त्यावरून चालणारीं माणसें मात्र चित्रांत नाहींत. कागद पुरा होईपर्यंत तीं पुढें निघून गेलीं. पॅरिस पाहावयास गेलेला चित्रकार राजवाडा काढील, मनोरे काढील. धुराडीं मोजण्याचें त्याच्या मनांतहि येणार नाहीं. कॅमेरा मात्र राजवाडा आणि धुराडें यांत भेद करीत नाहीं. ही गोष्ट टॅल्बटनें फार लवकर ओळखली व तिचें त्याला कौतुक वाटलें.

१८४४ च्या ऑक्टोबरांत तो स्कॉटलंडांत गेला. सर वॉल्टर स्कॉटच्या काव्यांनीं आणि कादंबऱ्यांनीं प्रसिद्ध झालेलीं स्थळें टिपावीं, हा त्याचा हेतु होता. लॉक कॅट्रिन सरोवराचे कांठ, मेलरोज येथील पडका मठ, अ‍ॅबट्सफर्ड हें स्कॉटचें घर, आणि एडिंबरो शहरांत त्यावेळीं बांधून होत असलेलें स्कॉटचें स्मारक, अशीं स्थळें त्यांत आहेत. त्यांतलीं २३ चित्रें १८४५ मध्यें ‘सन पिक्चर्स इन स्कॉटलंड’ या नांवानें निघालीं. त्याच साली तो कॅल्व्हर्ट रिचर्ड जोन्स या आपल्यासारख्याच हौशी पाद्र्याबरोबर यॉर्कला जाऊन आला.

तथापि त्याचीं सर्वांत चिरंजीव चित्रें दूरच्या प्रवासांतलीं नाहींत. तीं लेकॉकच्या अंगणांत, घरापासून हाकेच्या अंतरावर घेतलेलीं आहेत. १८४४ च्या एप्रिलांतलें एक चित्र पाहावें. तबेल्यासारख्या एका दगडी इमारतीचें दार अर्धें उघडें आहे. उंबऱ्याशीं काड्यांचा एक खराटा तिरपा टेकून ठेवला आहे. एका बाजूस लगाम टांगलेला, दुसऱ्या बाजूस कंदील. भिंतीवर वेल चढलेला. आंत अंधार आणि त्या अंधाराच्या पलीकडे खिडकीचा पुसटसा उजेड. खराट्याची सांवली दारावर पडली आहे. माणूस एकहि नाहीं; पण कोणी तरी आतांच झाडलोट करून आंत गेलें असावें, असें वाटतें. चित्राचें नांव ‘उघडें दार’. त्याच सुमारास घेतलेलें दुसरें चित्र गवताच्या गंजीचें. गंजीला एक शिडी टेकलेली आहे आणि एकेक काडी वेगळी दिसते. कोणता चित्रकार इतक्या काड्या काढीत बसेल? ‘शिडी’ याच नांवाच्या आणखी एका चित्रांत तीन माणसें आहेत; कागद पुरा होईपर्यंत त्यांना श्वास रोखून उभें राहावें लागलें असेल. पुस्तकांनीं भरलेल्या कपाटाचेंहि एक चित्र आहे. तें पाहून ग्रंथालयाचा भास होतो. परंतु घरांत पुरेसा उजेड नसल्यामुळें फळ्या व पुस्तकें बाहेर उन्हांत मांडून तें घेतलेलें होतें.

हीं आणि अशीं चित्रें एकत्र करून त्यानें ‘द पेन्सिल ऑफ नेचर’, म्हणजे निसर्गाची लेखणी, हें पुस्तक जून १८४४ ते एप्रिल १८४६ या काळांत सहा भागांनीं प्रसिद्ध केलें. त्यांत २४ छायाचित्रें होतीं, आणि तीं छापलेलीं नसून एकेक प्रत उन्हांत काढून हातानें चिकटविलेली होती. विक्रीसाठीं काढलेल्या ग्रंथांत छायाचित्रें घालण्याचा हा पहिलाच मोठा उद्योग. प्रत्येक चित्राखालीं टॅल्बटनें थोडें विवेचन लिहिलें आहे आणि पुढील काळांत फोटोग्राफीचा जो जो उपयोग झाला, त्यांतला बराचसा त्यानें तेथें आधींच सुचविला आहे. चिनी मातीच्या भांड्यांचें चित्र देऊन तो म्हणतो कीं, अशा वस्तू चोरीस गेल्यास हें मुकें चित्र कोर्टांत साक्ष देईल. जुन्या ग्रंथाच्या पानाची नक्कल, झाडाचें पान, जाळी, पुतळा, प्रत्येकाचें एकेक निमित्त आहे. ऑक्सफर्डच्या एका दरवाजाचें चित्र देतांना तर त्यानें फार मार्मिक गोष्ट सांगितली आहे. चित्र घेणाऱ्याला त्यावेळीं जें दिसलेंहि नव्हतें तें मागाहून चित्रांत सांपडतें. भिंतीवरचा लेख, एखादी तारीख, दूरच्या घड्याळाची तबकडी आणि तिच्यावर चित्र घेतलें त्या वेळेचा कांटा.

‘उघडें दार’ या चित्राखालच्या मजकुरांत तो हॉलंडच्या जुन्या चित्रकारांचा दाखला देतो. रोजच्या परिचयाचे साधे प्रसंग चित्राला योग्य आहेत, हें त्या चित्रकारांनीं सिद्ध केलेंच आहे. सामान्य माणूस जेथून पुढें निघून जातो तेथें चित्रकाराची नजर अडते, आणि चुकून पडलेली उन्हाची तिरीप किंवा वाटेवरची सांवलीहि त्याला पुरते, असा त्याचा अभिप्राय. हाताला न येणारी गोष्ट त्याच्या नजरेला आली होती, हें येथें दिसतें. कोमोच्या कांठीं त्याला डोंगर व पाणी यांचें भव्य चित्र हवें होतें. दहा वर्षांनीं तो आपल्याच तबेल्याच्या दाराशीं खराट्याची सांवली जुळवीत उभा राहिला. ही प्रगति रसायनाची नव्हे, पाहण्याची आहे.

याच काळांत एक मोठी उणीवहि उघडकीस आली. कारखान्यांत काढलेल्या पुष्कळ प्रती वर्ष दोन वर्षांत फिकट पडूं लागल्या. हायपो धुऊन काढण्यास पाणी पुरेसें मिळालें नाहीं, हें त्याचें मुख्य कारण. १८४६ मध्यें एका कलाविषयक मासिकाबरोबर अशा हजारों प्रती वांटण्यांत आल्या होत्या; त्या विटल्या तेव्हां छायाचित्रें टिकत नाहींत असा बोलबाला झाला. सूर्यानें काढलेलें चित्र सूर्यानेंच पुसावें, ही टीका टॅल्बटला निमूटपणें ऐकावी लागली.

परंतु त्याच्या कीर्तीला खरा डाग लागला तो पेटंटामुळें. कॅलोटाइपनें चित्रें घेऊन धंदा करावयाचा तर इंग्लंडांत त्याचा परवाना लागे व त्याचे पैसे द्यावे लागत. स्वतः हौशी असलेल्या माणसानें इतर हौशी लोकांच्या वाटेंत कुंपण घालावें, हें अनेकांना रुचलें नाहीं. न्याय करावयाचा तर त्याची बाजूहि पाहिली पाहिजे. प्रयोगांवर त्यानें पुष्कळ द्रव्य खर्चिलें होतें. फ्रेंच सरकारनें डागेरला वर्षासन देऊन त्याची विद्या १८३९ च्या ऑगस्टांत सर्वांस मोकळी केली. इंग्लंडच्या सरकारनें टॅल्बटला कांहींच दिलें नाहीं. एवढें असूनहि कुंपणाचा परिणाम व्हावयाचा तो झालाच. हें पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हतें. टॅल्बटचा मित्र सर डेव्हिड ब्रूस्टर यानें तेथें ही विद्या नेली, आणि एडिंबरोंत डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार व रॉबर्ट अ‍ॅडमसन हा तरुण या दोघांनीं १८४३ पासून अवघ्या चार पांच वर्षांत कॅलोटाइपची जी कामगिरी केली, ती आजहि आदर्श मानली जाते. न्यूहेवनच्या कोळ्यांचीं व कोळिणींचीं त्यांनीं घेतलेलीं चित्रें पाहिलीं म्हणजे मोकळीक मिळाली असतां ही कला काय करूं शकत होती, हें कळतें.

१८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें कांचेवर कोलोडियन पसरून निगेटिव्ह करण्याची नवी रीत छापून प्रसिद्ध केली आणि तिचें पेटंट घेतलें नाहीं. चित्रें कांचेसारखीं स्वच्छ व वेळ थोडा. सर्वांनीं ती उचलली. टॅल्बटनें तिच्यावरहि हक्क सांगितला, कारण दडलेलें चित्र रसायनानें उघड करणें हें तत्त्व आपलें, असें त्याचें म्हणणें. मोठा गहजब झाला. अखेर रॉयल सोसायटी व रॉयल अ‍ॅकॅडेमी यांच्या अध्यक्षांनीं त्याला विनंति केली आणि १८५२ च्या ऑगस्टांत त्यानें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत आपलें उत्तर छापून हौशी लोकांना सर्व मोकळें केलें. विक्रीसाठीं माणसांच्या तसबिरी घेण्यावरचा हक्क तेवढा राखून ठेविला. त्या हक्कासाठीं त्यानें लारोश नांवाच्या लंडनच्या धंदेवाईक छायाचित्रकारावर फिर्याद केली. १८५४ च्या डिसेंबरांत निकाल लागला. कॅलोटाइपचा खरा शोधक टॅल्बटच, असें पंचांनीं ठरविलें. पण लारोशची कोलोडियनची रीत त्याच्या पेटंटांत येत नाहीं, असेंहि ठरविलें. मान राहिला, मालकी गेली. पेटंटाची मुदत संपत आली होती. ती वाढवून घेण्याचा नाद त्यानें सोडून दिला. आणि ज्या आर्चरनें आपली रीत फुकट देऊन टाकली, तो १८५७ मध्यें दारिद्र्यांत मरण पावला. देणाऱ्याचें भलें होतेंच असें नाहीं, हेंहि इतिहासानें लिहून ठेविलें आहे.

या मोकळिकीचे वारे फार लवकर आपल्याकडे पोंचले. निकालाच्या दोनच महिने आधीं, ऑक्टोबर १८५४ मध्यें, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्त्याची व मद्रासची अशी संस्था त्यानंतर दोन वर्षांनीं, १८५६ मध्यें निघाली. या संस्थांत लष्करी अंमलदार, मुलकी अधिकारी, डॉक्टर, व्यापारी असे बहुतेक हौशी लोकच असत. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यांतूनच पुढें हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार तयार झाले. डॉ. भाऊ दाजी यांचे धाकटे बंधु डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय संभाळून चित्रें घेत व मुंबईच्या सोसायटीच्या कामांत भाग घेत. १८५६ ते १८५८ या काळांत जॉन्सन व हेंडरसन यांनीं मुंबईहून हौशी छायाचित्रकारांच्या नांवानेंच एक मासिक चित्रसंग्रह चालविला. त्याच्या प्रत्येक अंकांत तीन अस्सल छायाचित्रें चिकटविलेलीं असत. इकडे आग्र्याचे सिव्हिल सर्जन डॉ. जॉन मरे कागदी निगेटिव्हवर ताजमहालाचीं भव्य चित्रें घेत होते. रसायनें बदललीं, कागदाची कांच झाली. परंतु एका उलट्या प्रतीवरून अनेक सुलट्या प्रती काढावयाच्या, हें लेकॉकच्या अंगणांतलें सूत्र सर्वत्र कायम राहिलें.

टॅल्बट मात्र पुढें पुन्हा हौशीच राहिला. छायाचित्र छपाईच्या शाईंत उतरविलें तर तें विटणार नाहीं, या विचारानें त्यानें धातूच्या पत्र्यावर चित्रें कोरून छापण्याचे प्रयोग केले. १८५७ मध्यें असुरियाच्या बाणाकृति लिपींतील एका लेखाचीं चार विद्वानांनीं स्वतंत्रपणें केलेलीं भाषांतरें ताडून पाहण्यांत आलीं; त्या चौघांत एक टॅल्बट होता. १७ सप्टेंबर १८७७ रोजीं लेकॉक येथेंच त्याचें निधन झालें. १९४४ मध्यें त्याच्या नातीनें तो वाडा राष्ट्राच्या ठेव्याची जपणूक करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केला, आणि आतां तेथें फोटोग्राफीचें संग्रहालय आहे. १८३५ साली सांपळ्यांत सांपडलेली ती खिडकी आजहि तेथें जागच्या जागीं पाहावयास मिळते.

त्याच्या पेटंटाचे कागद आतां फक्त अभ्यासक उघडतात. जें उरलें आहे तें त्याच्या पाहण्याचें वळण. उगवता सूर्य, दऱ्याखोरीं, किल्ले यांचीं चित्रें घ्यावींतच. पण तीं घेऊन परततांना आपल्या घराच्या दाराशीं ठेवलेली केरसुणी, वळचणीखालची घागर, भिंतीवर सरकत आलेलें दुपारचें ऊन, याकडेहि एकवार थांबून पाहावें. त्यासाठीं मोलाचें यंत्र लागत नाहीं, दूरचा प्रवास लागत नाहीं, आणि कोणाचा परवाना तर मुळींच लागत नाहीं. लागतो तो थोडा वेळ. आणि तो देण्याची ऐपत हौशी माणसालाच अधिक असते.